मधले साडेतीन तास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. गेल्या महिन्यात तुमच्या आईचं मणक्याचं ऑपरेशन झालं. भुलीतून उठल्या उठल्या तिने विचारलं, "केन्ना सुरू करतले?" सगळं आटोपून टाके घालून झाले होते, आणि तिच्या लेखी अजून सुरुवातच व्हायची होती. तुम्ही फोंड्याचे, सॉफ्टवेअरमधले. तुम्हाला वाटलं, जाणीव अशी बंद करून पुन्हा चालू करता येते, तर ती बंद असतानाच उचलून एखाद्या यंत्रावर का चालू करू नये? आणि हे आपल्या हयातीत होईल का?

मी भूलतज्ज्ञ. मुंबईत शिकलो आणि गेली २७ वर्षं गोव्यात हेच करतोय. यंत्रांचं शास्त्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. पण 'बंद' आणि 'चालू' हे दोन शब्द माझ्या रोजच्या कामातले आहेत आणि तुमचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसाच्या मेंदूची प्रत काढणं कधीच जमणार नाही, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण प्रत निघाली म्हणजे माणूस तिकडे गेला, हे मला पटत नाही. बाकी बरंच काही 'जाणीव' म्हणजे तुम्ही काय धरता यावर ठरतं.

पहिली दुरुस्ती 'बंद'ची. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध. शिरेत जाताना झोंबतं, अर्ध्याएक मिनिटात पेशंटचं वाक्य मध्येच तुटतं. तरी मेंदू बंद झालेला नसतो. पेशी काम करत असतात, रक्त फिरत असतं, कपाळावर पट्टी लावली तर मेंदूतल्या विजेच्या लाटा दिसतात. तुटतो तो मेंदूच्या भागाभागांतला संवाद. इटलीतल्या एका गटाने हे फार छान दाखवलं. डोक्याबाहेरून चुंबकाचा एक ठोका द्यायचा आणि मेंदूत त्याचे पडसाद कसे उमटतात ते मोजायचं. जाग्या माणसात ठोका इकडून तिकडे फिरत राहतो, दर क्षणाला वेगळा नमुना उठतो. प्रोपोफॉलखाली तोच ठोका जिथल्या तिथे घुमतो आणि विरतो. तेव्हा आईच्या बाबतीत 'वीज गेली होती' असं समजू नका. सगळ्या खोल्यांत दिवे होते, पण कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

जाता जाता एक. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. समोर कलंडणारी बाई आणि तिच्यावर पसरलेले हात. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन सांगत होता, की संमोहनाची झोप झोपवणाऱ्याच्या हातातून येत नाही, ती झोपणाऱ्याच्या मनातूनच येते. माझी औषधं वेगळी, त्यांचा विषय वेगळा. तरी त्या पुतळ्यावरून जाताना मला थोडी नम्रता येते. मी भूल देतो म्हणतात खरं. पण १८४६ च्या १६ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्याने ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक केलं, त्याला १७५ हून जास्त वर्षं झाली, आणि ही औषधं जाणीव नेमकी कशी घालवतात यावर अजून वाद आहेत. जे घालवताना नेमकं काय जातं ते सांगता येत नाही, ते दुसरीकडे नेऊन ठेवायचं म्हणजे जरा घाईच झाली.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला अजून बरं वाटत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका लहान इस्पितळात तातडीचं सिझेरियन होतं. रक्तस्राव इतका की पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर करायची सोय नव्हती, पूर्ण भूलच द्यावी लागली. बाळाला औषध जास्त जाऊ नये म्हणून ते बाहेर येईपर्यंत आम्ही भूल हलकी ठेवतो, आणि पोट सैल राहावं म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध वेगळं देतो. बाळ-बाळंतीण सुखरूप. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो, तर बाईंनी शांतपणे विचारलं, "दोतोर, इसवण म्हारग जालां म्हण कोण सांगतालो?" म्हणजे, सुरमई महाग झालीय असं कोण सांगत होतं? आदल्या दिवशी थिएटरात आमच्यातच कुणीतरी बाजाराच्या गप्पा मारत होतं. त्या सगळं ऐकत होत्या, बोट हलवता येत नव्हतं. डोस माझा होता, चूक माझी. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत स्वतःहून असं सांगणारे पेशंट साधारण १९,००० भुलींमागे एक निघाले, सिझेरियनमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एक. पुस्तकात हे वाचलं होतं. पण इसवणाचा भाव ऐकेपर्यंत ते खरं वाटलं नव्हतं.

याच्याही पुढचा प्रकार ऐका. स्नायू शिथिल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळला, की औषध त्या हातात उतरत नाही. मग पेशंट झोपल्यावर कानाशी सांगायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." बहुतेक जण काही करत नाहीत. काही जण दाबतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६० पेशंटच्या अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यावर सुमारे पाच टक्क्यांनी दाबला. आणि असा हात दाबणाऱ्यांना उठल्यावर सहसा यातलं काहीही आठवत नाही. "छान झोप लागली" म्हणतात.

तर त्या वेळी आत कुणी होतं का? शब्द कळला, अर्थ लागला, हात दाबला गेला. अनुभव होता आणि आठवण पुसली गेली? की अनुभवणारं कुणी नव्हतंच, नुसती यंत्रणा चालली? मला माहीत नाही. पेशंटलाही माहीत नाही. उलट टोकाचं उदाहरण केटामाइन या भुलीच्या औषधाचं. त्यात माणूस निपचित असतो, हाकेला ओ देत नाही, पण उठल्यावर अशी काही रंगीत, लांबलचक स्वप्नं सांगतो की ऐकत राहावं. आमच्याकडे कपाळपट्टीचं एक यंत्र आहे. शंभरपैकी आकडा दाखवतं, ४० ते ६० मध्ये ठेवला की भूल पुरेशी धरतात. केटामाइन दिलं की हा आकडा कधीकधी चढतो, भूल खोल असूनही. आकडा लाटांचा असतो, माणसाचा नसतो.

इथे तुमच्या प्रश्नातली गाठ दिसते. आपण 'जाणीव' म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकाच पिशवीत घालतो: बाहेरून मिळणारा प्रतिसाद, मागे राहणारी आठवण, आणि प्रत्यक्ष अनुभव. आईकडे त्या साडेतीन तासांची आठवण नाही, एवढंच तुम्हाला कळलंय. यंत्रात माणूस 'उठला' असं कुणी जाहीर करेल, तेव्हा त्याच्या हातात प्रतिसाद आणि आठवणी असतील. तिसरी गोष्ट तपासायचं साधन आज समोर झोपलेल्या, हाडामांसाच्या माणसासाठीसुद्धा आपल्याकडे धड नाही.

आता तुमच्या बाजूचं बोलतो, कारण तुमच्या बाजूला एक खरोखर भक्कम पुरावा आहे आणि तो तुम्ही मांडला नाहीत. मुंबईत शिकत असताना महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीची ऑपरेशनं पाहिली. त्यात शरीर १८-२० अंशांपर्यंत थंड करतात, हृदय थांबवतात, काही वेळ हृदयाऐवजी रक्त फिरवणारा पंपही थांबवतात. रक्त फिरत नाही. मेंदूच्या लाटा सरळ रेषा होतात. 'बंद' शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारं मी पाहिलेलं हेच. एक निवृत्त गृहस्थ जवळजवळ पंचवीस मिनिटं असे होते. दोन दिवसांनी नळी निघाली, त्यांनी चष्मा मागितला आणि मुलाला विचारलं, पेन्शनचा हयातीचा दाखला भरला का. नोव्हेंबर चालू होता.

म्हणजे आठवणी, स्वभाव, काळज्या हे सगळं चालू विजेत नसतं. ते मेंदूच्या घडणीत, पेशींच्या जोडण्यांत कोरलेलं असतं, नाहीतर सरळ रेषेतून ते परत आलं नसतं. मग घडण वाचली की माणूस वाचला, असं तुम्ही म्हणू शकता. मी इथपर्यंत तुमच्याबरोबर येतो.

पुढे मात्र अडतो. माशेल-सावईवेरे पट्ट्यात जत्रेला नाटकं होतात, तुम्ही पाहिली असतीलच. नाटकाची वही हातात असणं आणि पहाटे दोन वाजता प्रयोग रंगणं यात किती अंतर असतं ते आपल्याकडे कुणाला समजावावं लागत नाही. जोडण्यांचा नकाशा ही वही. एका इवल्याशा गोलकृमीच्या सगळ्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये छापून आला. चाळीस वर्षं होत आली. तो कृमी संगणकात जसाच्या तसा वळवळताना अजून कुणी दाखवलेला नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला: १,३९,२५५ पेशी, पाच कोटींच्या आसपास जोडण्या. काम थक्क करणारं आहे. तरी कुठली जोडणी किती जोरात बोलते, कुठलं रसायन कधी सुटतं, काल शिकलेल्याने आज काय बदललं, हे नकाशात पूर्ण येत नाही. माणसात पेशी साधारण ८,६०० कोटी.

आणि वाचायचं कसं, हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो. त्याच वर्षी माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. तिळाहूनही लहान तुकडा, अपस्माराच्या ऑपरेशनमध्ये काढलेला. त्यात सुमारे ५७,००० पेशी, १५ कोटी जोडण्या, आणि माहिती १,४०० टेराबाइट. अख्खा मेंदू म्हणजे असे बारा-तेरा लाख तुकडे. साठवण पुढे स्वस्त होईल, ते तुमचं खातं. माझ्या खात्यातलं असं की त्या तिळाचे पाच हजारांहून जास्त काप करावे लागले. आज जोडणीन् जोडणी वाचायची तर मेंदू चिरूनच वाचता येतो. वाचून झाल्यावर पुन्हा जागा करायला कुणी उरत नाही.

समजा उद्या न चिरता वाचता आलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भुलीचे धोके समजावून संमतीपत्रावर सही घेणं हे माझं काम. त्या दिवशी फोंड्याहून तुम्ही आलात, तर मी काय लिहू? तुम्हाला भूल देतो, नोंद होते, यंत्र चालू होतं आणि तुमच्या आवाजात सांगतं, "झालं वाटतं, मी इकडे आलो." आणि पाच मिनिटांनी टेबलावरचे तुम्ही डोळे उघडून विचारता, "केन्ना सुरू करतले?" दोघांना आई आठवते, दोघांना दुचाकीचा हप्ता आठवतो. टेबलावरच्या तुम्हाला कुणी म्हटलं, की तुम्ही तिकडे पोचलात, आता हे शरीर मोकळं करतो, तर तुम्ही सही कराल? मी तरी सुई लावणार नाही. एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल हलवली असं आपण म्हणतो तेव्हा इथली प्रत पुसून तिथे नवी लिहिलेली असते, हे तुम्ही जाणता. फाइलला त्याचं काही वाटत नाही, एवढाच फरक.

आपल्या जुन्या कथा या बाबतीत सावध होत्या असं मला वाटतं. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले, तेव्हा त्यांचा स्वतःचा देह गुहेत निश्चेष्ट पडून होता आणि शिष्य राखण करत होते. कथा खरी-खोटी बाजूला ठेवा. परकायाप्रवेशात जाणारा एकच आहे: इथून निघतो, तिथे पोचतो, परतही येतो. नकाशा काढण्यात निघणारं कुणी नसतं.

यावर हुशार माणसं एक तोड काढतात, तीही विचारात घेण्यासारखी आहे. एकदम नको, हळूहळू करू. पावसाच्या तोंडावर आपण घर शाकारतो. फुटकी कौलं काढून नवी घालतो, एखादा वासा बदलतो. वीस वर्षांत छपराचं काहीच जुनं उरत नाही, तरी घर तेच आणि त्यात राहणाराही तोच. तसं एकेक पेशी काढून तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेशी बसवत गेलो तर? बहिऱ्यांसाठी कानात बसवायचं यंत्र, कंपवातासाठी मेंदूत घालायच्या तारा आजही आहेत. पण ती यंत्रं मेंदूला कोपरखळी देतात, मेंदूची जागा घेत नाहीत. आणि माझी खरी अडचण वेगळीच आहे. मध्येच काही बिनसलं तर कळणार कुणाला?

पेडण्याकडचे एक आजोबा आमच्या अतिदक्षता विभागात होते. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता, डावा हात पूर्ण लुळा. "आजोबा, डावा हात उचला बघू." ते म्हणाले, "उचललो न्हय!" हात चादरीवर पडलेला. तो त्यांच्यासमोर धरून विचारलं, हा कुणाचा? म्हणाले, सिस्टरचा असेल. वेडे नव्हते, खोटंही बोलत नव्हते. लक्ष ठेवणारा भागच गेल्यावर गेल्याची तक्रार करायला कुणी उरत नाही. कौलं बदलता बदलता आतला राहणारा थोडा थोडा कमी होत गेला, तरी तोंड शेवटपर्यंत म्हणत राहील, "मी बरा आहे." नातेवाईक खूश, डॉक्टर खूश.

शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही, आणि मतभेद नेमका तुमच्याच मुद्द्यावर आहे. एका पंथाचं म्हणणं, माहिती मेंदूभर प्रसारित होणं म्हणजेच जाणीव. मग तो प्रसार कशावर होतो याला महत्त्व नाही, सिलिकॉनवरही चालेल. दुसरा म्हणतो, महत्त्व आहे ते प्रत्यक्ष वस्तूतल्या कार्यकारणाच्या विणीला. नेहमीच्या संगणकावर मेंदूची हुबेहूब नक्कल चालवली तरी आत जवळजवळ कुणीच नसेल, जसं पावसाच्या नकलेने अंगण भिजत नाही. दोन्ही पंथांनी मिळून आधी भाकितं लिहून घेऊन प्रयोग केले. २०२५ मध्ये निकाल छापून आला, त्यात दोघांचंही काही चुकलं. क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३ मध्ये तो हरला आणि वाइनच्या बाटल्यांचं खोकं देऊन मोकळा झाला. आमच्याकडे काजूच्या फेणीवर भागलं असतं. मला दुसऱ्या पंथाचं म्हणणं थोडं अधिक पटतं, पण तो माझा कल आहे, पुरावा म्हणून धरू नका.

हयातीत होईल का? नाही, माझ्या मते. मुलांच्या हयातीतही नाही. होईल ते असं, की आईचा आवाज, तिची बोलण्याची ढब, तिच्या गोष्टी यंत्र इतक्या बेमालूम बोलून दाखवेल की डोळे भरून येतील. कुणाला त्याने आधार वाटला तर मी नावं ठेवणार नाही. आई तिथे आहे म्हणून त्याचे पैसे कुणी मागितले, तर देऊ नका.

राहिला आईचा प्रश्न, म्हणजे ती मधले साडेतीन तास कुठे होती. टेबलावरच होती, रक्तदाब, श्वास, शरीराचं तापमान यांवर माझ्यासारखं कुणीतरी नजर ठेवून बसलं होतं. आत काही होतं का, ते तिला एकदा विचारून बघा. "काही आठवतं का" असं विचारू नका, त्याला सगळे नाहीच म्हणतात. स्वप्न पडलं होतं का, ते विचारा. भुलीतून उठल्या उठल्या लगेच विचारलं तर पाचातला साधारण एक जण हो म्हणतो. बहुतेकदा घरचं, कामाचं, एखाद्या ओळखीच्या माणसाचं काहीतरी. नंतर ते विरून जातं, आणि वॉर्डातल्या गडबडीत आम्ही विचारायचं राहून जातं. आता महिना उलटलाय, तेव्हा फारशी आशा नाही. तरी विचारा.